शिंगं येऊ नयेत म्हणून

“नरकासुराला मेकअप कशाला लागतोय?” गॅदरिंगचा सेक्रेटरी धनंजय थोरात म्हणाला. “नुसता उभा केला की झालं. डबाभर काळा रंग वाचला बघा कॉलेजचा!”

वगनाट्याच्या तालमीला हॉलमध्ये जो हशा पिकला त्यात मुतीसोही हसला. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, मुकुटाला सोनेरी कागद लावलेली दोन वाकडी शिंगं, हातात लाकडी गदा. सगळे हसताहेत म्हणजे काहीतरी चांगलंच बोलणं झालं असणार, अशा भाबड्या समजुतीनं तो हसला. मग सवयीप्रमाणे माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “पद्या, काय म्हणाला?”

जोशुआ मुतीसो केनियाहून आमच्या औषधनिर्माणाच्या कॉलेजात आला होता. आमच्या वर्षात तिकडची तीन मुलं होती, त्यातला हा माझा रूम पार्टनर. आमचं बोलणं चालायचं इंग्रजीत, त्याला हिंदीची ठिगळं आणि अधूनमधून मराठीची बटणं. इथं मी ते सगळं मराठीतच सांगतो.

त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. कीर्तनाच्या घरात वाढलेला माणूस मी. एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवताना पदरचं थोडं घालावं, पण गाळू काही नये, ही आमच्याकडची शिस्त.

मुतीसोचं हसू जागच्या जागी थांबलं. खरं तर राक्षसाचं त्याच्यात काही नव्हतं. अंगानं माझ्याहून हाडकुळा, जाड भिंगांचा चष्मा, आणि मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडे टाकणारा. त्यानं शांतपणे मुकुट काढला, चार पावलं चालून गेला आणि तो थोरातच्या डोक्यावर ठेवला.

“मग नरकासुर तू हो,” तो म्हणाला. “तुला मेकअप लागेल. पण जमेल.”

मुकुट मुतीसोच्या दाट केसांच्या मापानं केलेला. थोरातच्या डोक्यावरून तो घसरला तो थेट नाकावर येऊन थांबला, आणि शिंगं दोन्ही कानांवर लोंबायला लागली. आता हॉल मघापेक्षा दुप्पट हसला. हसू ही चीज अशीच आहे. दुसऱ्यावर पिकलं की प्रसाद, आपल्यावर पिकलं की अपमान. थोरातनं मुकुट ओढून काढला, तेव्हा त्याचा चेहरा पावडरीखाली लाल झाला होता.

पावडरीचं सांगायलाच हवं. थोरात तासगावकडच्या द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. गोरा, उंच, मनानं दिलदार. हंगामात घरून पेट्या यायच्या त्या अख्ख्या होस्टेलला वाटायचा. पण आंघोळ करून निघाला की चेहऱ्यावर, मानेवर, बनियनच्या आत इतकी पावडर ओतायचा, की तो व्हरांड्यातून गेला की मागं पांढरा ढग राहायचा. त्याची खोली आमच्या शेजारची. भिंत एकच.

त्या भिंतीचाही राग होताच म्हणा. वॉर्डननी मला आणि मुतीसोला एकत्र ठेवलं होतं त्याला कारण एकच, दुसरं कुणी आम्हाला घेईना. मी पहाटे उठून मोठ्यानं स्तोत्रं म्हणायचो. मुतीसो धर्मोपदेशकाचा मुलगा, तोही उठून मोठ्यानं त्यांची चर्चची गाणी म्हणायचा. पहिल्या आठवड्यात आमची आवाजाची चढाओढ लागली. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की त्याचं गाणं आणि माझं स्तोत्र एकाच पट्टीत बसतं. तेव्हापासून आम्ही भांडण सोडून दोन्ही एकदम म्हणायला लागलो. वॉर्डन म्हणाले, “देवाला दोन्ही कळत असतील. आम्हाला एकही कळत नाही.”

मुकुटाच्या त्या प्रसंगानंतर मात्र होस्टेल दुभंगलं. मेसमध्ये कोपऱ्यातलं एक टेबल केनियाच्या तिघांचं आणि बाकीची आपल्या पोरांची, असं न सांगता ठरून गेलं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचो, म्हणून मला ‘नारद’ ही पदवी मिळाली. आमटीचं भांडं त्या टेबलाकडे यायचं ते तळ गाठून. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण मुतीसो जिन्यावरून उतरला की वर कुठूनतरी गदा आपटल्यासारखा आवाज यायचा. एकदा त्याच्या मित्राची आणि थोरातच्या गँगमधल्या एकाची कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली. सोडवायला मी गेलो आणि दोघांच्याही कोपरांचा प्रसाद मीच घेऊन आलो.

मग एका सकाळी आमच्या दारावर खडूनं काढलेलं चित्र दिसलं. भलंमोठं डोकं, चष्मा, आणि वर दोन शिंगं. खाली अक्षर सुबक: ‘नरकासुर व नारद निवास’.

मी ओला फडका आणायला निघालो. मुतीसोनं हात धरला. “राहू दे. चष्मा चांगला काढलाय.”

पण त्या दिवसापासून तो पहाटे गायचा थांबला. मी एकटाच स्तोत्र म्हणायचो, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. एका माणसाच्या गप्प बसण्यानं खोली किती मोठी होते, ते मला तेव्हा कळलं.

त्याला बरं वाटावं म्हणून मी माझ्याकडचं हुकमी पान टाकलं. “अरे, रंगाचं काय घेऊन बसलास? आमचा विठोबा काळा, राम सावळा, कृष्णाचं तर नावच ते!”

तो पलंगावर उठून बसला. “पद्या, दर रविवारी तू ताईसाठी पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती वाचतोस. मोठ्यानं वाचतोस. गोरी पाहिजे. गोरी पाहिजे. निमगोरी चालेल. मग?”

“मग काय?”

“देव काळा चालतो. सून चालत नाही?”

माझी कुसुमताई रंगानं काळी होती आणि तीन वर्षं आम्ही तिचं स्थळ शोधत होतो. मी स्तोत्राचं पुस्तक उघडलं आणि उगीच पानं चाळत बसलो.

प्राचार्य देवस्थळी सर मोठे सत्त्वशील. कीर्तनाचे वेडे, आणि भांडणाला भिणारे. त्यांनी दोन्हीकडच्या भावना लक्षात घेतल्या आणि तोडगा काढला, की परदेशी विद्यार्थ्यांना कालव्यापलीकडचा एक रिकामा बंगला द्यावा. तिथं स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र नळ, सगळं स्वतंत्र.

“म्हणजे चित्र त्यांनी काढलं आणि घर आम्ही सोडायचं,” मुतीसो मला म्हणाला. “मी तुमच्या देशात आलो, पद्या. बंगल्यात राहायला नाही आलो.” त्याचा चुलतभाऊ हैदराबादला शिकत होता. मुतीसोनं टी.सी.साठी अर्ज दिला, ट्रंक भरली आणि तिला सुंभाची दोरी गच्च बांधून ठेवली. शनिवारी गॅदरिंग, रविवारी दुपारची गाडी.

तिकडे थोरातचं वगनाट्य बारगळलं. नरकासुर व्हायला कुणी तयारच होईना. जो मुकुट घालेल त्याला पाहून लोकांना थोरातचं नाक आठवणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. शनिवारी चारची वेळ रिकामी पडली, आणि देवस्थळी सरांनी मला बोलावून घेतलं. “सोवनी, तुमचे मामा येतील का हो?”

माझे मामा म्हणजे अनंतबुवा निमोणकर. सत्तरी उलटलेले, पण आवाज असा, की देवळाबाहेरच्या चपलासुद्धा आत येऊन बसाव्यात. कीर्तन आहे म्हटल्यावर थोरातची गँग म्हणाली, “गॅदरिंग हाय का तेरावा?” पण सेक्रेटरी म्हणून सगळी व्यवस्था थोरातच्याच गळ्यात आली. शामियाना त्यानं बघायचा, माईक त्यानं, आणि कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना हार घालून पाया पडायचं तेही त्यानंच.

बुवा शुक्रवारी दुपारच्या एसटीनं आले आणि थेट आमच्या खोलीवर. दारावरचं चित्र त्यांनी उपरण्यानं घाम पुसत नीट पाहिलं.

“चित्रकार कोण? हात बरा आहे.”

“मामा, ती एक भानगड आहे,” म्हणत मी सगळी कथा सांगितली. ते फक्त “हं” म्हणाले, आत आले, दोरीनं बांधलेली ट्रंक पाहिली आणि पुन्हा एकदा “हं” म्हणाले.

मुतीसो उठून उभा राहिला. दुभाषा अर्थात मी. बुवांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो ते सगळ्यांनाच विचारतात. “वडील काय करतात?”

“चर्चमध्ये बोलतात. रविवारी. बोलता बोलता मधेच गातात.”

“मधेच गातात?” बुवा एकदम टवकारले. “आणि मग?”

“मग पुन्हा बोलतात. गोष्ट सांगतात. हसवतात, रडवतात. लोक उत्तर देतात.”

“पद्माकर, अरे, हे तर आपल्या धंद्यातले!” बुवांनी त्याला हाताला धरून पलंगावर बसवलं. “मला सांगा, कुणी डुलकी काढायला लागला तर तुमचे वडील काय करतात? आम्ही गजर लावतो.”

“ते विचारतात, जागे आहात का? लोकांनी ओरडायचं, आहोत! जो ओरडणार नाही त्याच्या घरी दुपारी जेवायला जातात.”

बुवा मांडीवर थाप मारून हसले. “ही युक्ती माझ्या बापालासुद्धा सुचली नाही!”

मग बुवांनी आपली अडचण सांगितली. त्यांचा झिलकरी काविळीनं आडवा पडला होता. झिलकरी म्हणजे बुवांच्या मागं उभा राहून त्यांची ओळ उचलून धरणारा. मी पेटीवर बसणार, तेव्हा मागं उभं राहायला माणूस हवा होता. पण आधी बुवांच्या डोक्यात दुसरंच आलं. “तुम्ही तबलाच घ्या ना! तुमच्याकडे ढोल म्हणजे जन्मजातच असणार.”

“मामा, मला ताल नाही.”

“विनय चांगला, पण वाजवा.”

मुतीसोनं पत्र्याच्या बादलीवर हात टाकले. बुवांनी थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं, मग ते घाईनं उघडले. असा बेताल माणूस मी तरी पुन्हा पाहिला नाही. पावसाची गळतीही त्याच्यापेक्षा नेमानं पडते.

“चर्चमध्येही सगळे ढोल वाजवतात,” मुतीसो ओशाळून म्हणाला. “मला खिडक्या उघडायचं काम दिलं होतं.”

“बरं झालं,” बुवा म्हणाले. “आवाज आहे ना? मग झील धरा. ताल आमचा गुरव तबलजी सांभाळेल.”

मुतीसोनं ट्रंकेकडे पाहिलं. जाण्याआधीची संध्याकाळ अशी जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण बुवांना नाही म्हणणं आमच्या मामीलाही कधी जमलं नाही.

बुवांनी पिशवीतून लोकरी आसनाची घडी काढून झटकली, तेव्हा ते मुतीसोच्या पायाशी पसरलं गेलं. त्यानं चटकन पाय मागं घेतले.

“ही नारदाची गादी,” बुवा म्हणाले. “कीर्तनकार हिच्यावर उभा राहतो. आणि जो उभा राहिला तो नारद. मग त्याचं वय नाही, जात नाही, गाव नाही. मी पोरसवदा होतो, पहिल्यांदा गादीवर उभा राहिलो, आणि माझे वडील माझ्या पाया पडले.”

“तुमचे वडील? तुमच्या?”

“माझ्या नव्हे हो, नारदाच्या. खाली उतरल्यावर त्यांनीच माझा कान पिळला, गजर लांबवला म्हणून.”

मुतीसोनं आसनाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. “माझे वडील प्रवचनाआधी माझ्याकडून बूट पुसून घेतात,” तो म्हणाला.

शनिवारी चार वाजता शामियाना भरला. पुढं प्राध्यापक, मागं पोरं, सगळ्यात मागं शिट्ट्या. मी पेटीवर, गुरव तबल्यावर, आणि बुवांच्या मागं पांढरा सदरा घालून मुतीसो. कीर्तनाआधी बुवांनी आम्हाला बुक्का लावला. मुतीसोच्या कपाळावर तो दिसेचना.

“मामा, वाया घालवू नका,” तो कुजबुजला.

“वास येतो ना? बुक्का काय बघायला लावतात?”

पूर्वरंग सुरेख झाला. बुवांनी इतकं हसवलं, की मागच्या शिट्ट्या कधी थांबल्या कळलं नाही. मुतीसोनं झीलही छान उचलली, ताल सोडून. मग मध्यंतर झालं आणि हाराचं तबक घेऊन थोरात व्यासपीठावर आला. खास दिवस म्हणून पावडरही खास होती. हार हातात घेतला आणि समोर माईक दिसला. माईक दिसला की काही माणसांना राहवत नाही.

“बुवा, एक इनंती हाय,” तो म्हणाला. “उत्तररंगाला नरकासुराचं आख्यान लावा. पात्र तुमच्या मागंच उभं हाय. मेकअपसकट!”

मागची पोरं फुटली. पुढच्या रांगेत देवस्थळी सरांनी डोळे मिटून घेतले. मी मागं वळून पाहिलं. मुतीसोनं या वेळी मला काही विचारलं नाही. ‘नरकासुर’ आणि ‘मेकअप’ हे दोनच शब्द आता त्याला पुरेसे होते.

“वा, सेक्रेटरी!” बुवा प्रसन्नपणे म्हणाले. “माझ्या मनातलं बोललात. पण ज्याचं आख्यान त्यानंच सांगावं.”

ते गादीवरून खाली उतरले. खांद्यावरचं उपरणं मुतीसोच्या खांद्यावर घातलं, चिपळ्या त्याच्या हातात दिल्या आणि त्याला धरून गादीवर आणला.

“मामा, नको. मी नाही.”

“वडील रविवारी आजारी पडले, तर कोण बोलतं?”

“मी… मी बोलतो.”

“मग समजा, आज रविवार आहे.”

आणि बुवा वाकले. माझे सत्तरी उलटलेले मामा, ज्यांच्या पाया पडायला गावोगावची माणसं रांगा लावत, ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी त्या पोराच्या पायांवर कपाळ ठेवलं. देवस्थळी सर कीर्तनातले जुने जाणकार. गादीचा नियम त्यांना सांगावा लागला नाही. ते हात जोडून उठले. सर उठले म्हणून पुढची रांग उठली, आणि पुढची रांग उठली म्हणून मागच्यांना काही दिसेना, मग तेही उठले.

थोरात हार घेऊन हळूच सटकायला लागला.

“सेक्रेटरी, निघालात कुठं?” बुवा म्हणाले. “मध्यंतराचा हार व्हायचाय. आधी ऐका, मग घाला. तोवर धरा.”

थोरात हार धरून उभा राहिला, देवळातल्या दीपमाळेसारखा.

मुतीसोनं चष्मा सारखा केला. चिपळ्या एकदा वाजवून पाहिल्या. गुरव तबलजींनी कानावर हात ठेवला.

“जागे आहात का?” त्यानं मराठीत विचारलं.

“आहोत,” असं काहीतरी अंधुक आलं.

“माझ्या वडिलांच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या याहून मोठ्यानं ओरडतात. जागे आहात का?”

“आहोत!”

मग तो इंग्रजीत एकेक वाक्य बोलायला लागला, आणि मी पेटीवरून तेच मराठीत मागं म्हणत गेलो. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ जणांची झील धरली, पण अशी पुन्हा धरली नाही.

“माझी आजी गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीत राक्षस असायचा. तो कसा दिसायचा?”

“काळा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“काळी तर माझी आजीच होती. राक्षस पांढरा! पिठात लोळून आल्यासारखा. धुक्यातून यायचा. ओले केस मागं फिरवलेले. आणि तो दिसायच्या आधी वास यायचा. गोड वास.” तो थांबला. वडिलांचा मुलगा होता, कुठं थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. “मी तुमच्या कॉलेजात आलो. पहिली सकाळ. व्हरांड्यात उभा होतो. न्हाणीघराचं दार उघडलं. वाफ आली. वाफेतून गोड वास आला. आणि मग…”

त्यानं थोरातकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मांडवातली सगळी डोकी एकदम तिकडे वळली, आणि हशाचा असा लोट उठला, की कनातीचे दोर हलले. थोरातची गँगच सगळ्यात मोठ्यानं हसत होती.

“मी खोलीत पळालो, दाराला कडी घातली आणि प्रार्थनेला बसलो. पद्या साक्षीदार आहे.”

“आहे!” मी पेटीवरून ओरडलो. ते खरंच होतं. मला वाटलं होतं, त्याचं पोट बिघडलंय.

“मी म्हणालो, देवा, वाचव. देव म्हणाला, मुतीसो, घाबरू नको. थांब जरा. पावडर पुसली की आतून माणूस निघेल.” त्यानं चिपळ्या खाली केल्या. आवाजही खाली आला. “मी थांबलो. एक वर्ष थांबलो. उद्या दुपारी माझी गाडी आहे. देवाला विचारायचंय, अजून थांबू, की जाऊ?”

मी ते मराठीत म्हटलं. मग पेटीचा सूर धरून ठेवला.

थोरात हार घेऊन दोन पावलं पुढं आला आणि थांबला. हार डाव्या हातात घेतला, उजव्या हाताची बाही तोंडावरून एकदा खालपासून वरपर्यंत फिरवली, खसकन. बाही पांढरी झाली. कुणी हसलं नाही. मग त्यानं हार मुतीसोच्या गळ्यात घातला आणि पाया पडायला वाकला.

आता मुतीसोला बिचाऱ्याला काय माहीत! बुवांच्या वेळी तो हबकून ताठ उभा राहिला होता. पण बरोबरीचा मुलगा पायाशी वाकतोय म्हटल्यावर त्याला उचलायला तोही झटकन वाकला. माईकच्या बरोबर समोर दोन डोकी एकमेकांवर अशी आदळली, की आवाज कालव्यापलीकडच्या त्या बंगल्यापर्यंत गेला असेल.

दोघंही कपाळ धरून उभे राहिले. आणि एकाएकी थोरातनं मुतीसोचे दोन्ही खांदे पकडले.

“थांब! हलू नकोस!”

पहिल्या रांगेतल्या बाई किंचाळल्या. मुतीसोचे दोन्ही मित्र धावत पुढं आले. मीही पेटी सोडून उठलो. आता व्यासपीठावरच जुंपणार!

“आरं, परत आपटायला लागतंय!” थोरात कळवळून ओरडला. “एकदाच आपटलं तर शिंगं येतात रं!”

मुतीसोनं माझ्याकडे पाहिलं. “पद्या, काय म्हणाला?”

मी सांगितलं. आपल्याकडे भावंडांची डोकी एकमेकांवर आपटली की दुसऱ्यांदा आपटून घ्यायची, नाहीतर शिंगं उगवतात. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

“शिंगं कुणाला येतात?” मुतीसोनं विचारलं.

“दोघांनाही,” थोरातच म्हणाला.

मुतीसोनं चष्मा काढून खिशात ठेवला आणि मान पुढं केली. थोरातनं आपलं कपाळ त्याच्या कपाळाला लावलं. या वेळी माईकमधून काहीच ऐकू आलं नाही. पण मुतीसोच्या कपाळावरचा तो न दिसणारा बुक्का थोरातच्या गोऱ्या कपाळावर लख्ख उमटला, आणि मांडवानं टाळ्यांचा जो कडकडाट केला त्यात गुरव तबलजींनी आपणहून गजराचा ठेका धरला.

“बोला, राम कृष्ण हरी!” बुवांनी गादी परत ताब्यात घेतली. “नरकासुराचं आख्यान संपलं. आता दुसरं लावतो.”

कीर्तनानंतर शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन देवस्थळी सर आमच्याकडे आले. “मुतीसो, तुमचा तो अर्ज मी कुठं ठेवला, आठवेना हो. आणि त्या बंगल्यात म्हणे बेडूक फार झालेत.”

“बघतो, सर,” एवढंच मुतीसो म्हणाला.

मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल थोरात आणि त्याच्या पोरांनी घासत, ओढत मधल्या टेबलाला आणून लावलं. त्या गडबडीत आमटी सांडली. खोलीवर ट्रंक होती तशीच बांधलेली होती. बुवा लवकर झोपले आणि घोरले.

पहाटे पाणी आणायला मी दार उघडलं, तर दारावर चित्र तसंच होतं. चष्मा तसाच, शिंगं तशीच. फक्त शेजारी आणखी एक डोकं काढलेलं होतं, केस मागं फिरवलेलं. त्यालाही दोन शिंगं होती, आणि पहिल्यापेक्षा मोठी. खडू भरपूर वापरून गाल पांढरेफटक केले होते.

मी मुतीसोला हाक मारली. तो डोळे चोळत आला, चष्मा लावला आणि चित्रापुढं उभा राहिला. मग काही न बोलता आत गेला, ट्रंकेची दोरी सोडली, खिडकीच्या गजापासून खुंटीपर्यंत ताणून बांधली आणि तिच्यावर कीर्तनातला तो पांढरा सदरा वाळत घातला.

आणि त्यानं गळा साफ केला.

त्याचं गाणं सुरू झालं तसं माझं स्तोत्र सुरू झालं. बुवा पांघरुणातच उठून बसले आणि त्यांनी न सांगता तिसरा सूर लावला. कितीतरी दिवसांनी ती खोली पुन्हा खोलीएवढी झाली.

शेजारच्या भिंतीवर दणादण मुठी बसल्या.

“ए नारदांनो! रविवार हाय, झोपू द्या की!”

मुतीसो मधेच थांबला. “पद्या, काय म्हणाला?”

मी सांगितलं. काही गाळलं नाही, आणि या वेळी पदरचं घालायचीही गरज पडली नाही.

मुतीसोनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसरं कडवं पहिल्यापेक्षा मोठ्यानं सुरू केलं, ताल सोडून.